नोरीनच्या मांडीवरचं टोपरं

नॉर्डेन कॉलेजच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉल खेळताना एखाद्या पोराचं डोकं आपटलं, की त्याचं हेल्मेट नोरीनच्या मांडीवर यायचं.

आसपासच्या कुठल्याच कॉलेजात ही पद्धत नव्हती. तिथं ट्रेनर, म्हणजे पोरांची दुखापत बघणारी बाई, हेल्मेट काढून घेते आणि पाण्याच्या पिंपामागे लपवते. पोरं टपून बसलेली असतात. तिची पाठ वळली की हेल्मेट चढवून पुन्हा मैदानात. डोकं गरगरतंय, पोटात ढवळतंय, डोळ्यांपुढं दोन-दोन बॉल दिसताहेत, पण विचारलं तर पोरगं सांगणार, मी ठणठणीत आहे. नॉर्डेनमध्ये ते चालायचं नाही. इथं मर्ल हागेडॉर्न, म्हणजे हेड कोच, हेल्मेट घेऊन स्वतः कुंपणापर्यंत चालत यायचा आणि पहिल्या बाकावर बसलेल्या आपल्या बायकोच्या मांडीवर ते दोन्ही हातांनी ठेवायचा. नोरीन त्यावर घोंगडं ओढून घ्यायची. तिथून ते उचलायची छाती आजवर एकाही पोराला झाली नव्हती.

मर्ल हेल्मेटला टोपरं म्हणायचा. शिशाच्या पाइपासारखे दंड असलेली, एकमेकांवर बैलासारखी धडकणारी ती पोरं, आणि त्यांच्या डोक्यावर टोपरं. नवी पोरं पहिल्यांदा हसायची, मग तीही तेच म्हणायला लागायची. नोरीनला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. मांडीवर आलेलं हेल्मेट आतून अजून गरम असायचं. घामानं ओलं, आणि वजनाला बरोब्बर तेवढंच, जेवढं झोपलेल्या लेकराचं डोकं भरतं. पुढच्या लोखंडी सळयांमध्ये कधी गवत अडकलेलं असायचं. मॅच संपेपर्यंत ती एकेक काडी काढत बसायची.

पद्धत पडली ती रॉडनी स्कारमुळं. मर्ल तेव्हा तरुण होता, हेड कोच होऊन फार दिवस झाले नव्हते. रॉडनीला एकदा लागलं, बाहेर बसवलं, तो हेल्मेट चोरून परत आत गेला आणि त्याच दुपारी पुन्हा आपटला. रॉडनी जगला. आता केस पिकलेत त्याचे. आईबरोबर राहतो आणि गावातल्या किराणा दुकानात लोकांचं सामान पिशव्यांत भरून देतो. मर्ल दिसला की त्याचा चेहरा उजळतो. "कोच, शनिवारी कुणाशी आहे आपली मॅच?" तो विचारतो. मर्ल थांबून उत्तर देतो. पाच मिनिटांनी रॉडनी पुन्हा विचारतो, मर्ल पुन्हा उत्तर देतो, तितक्याच आवाजात, तितक्याच आस्थेनं. इतकी वर्षं हे असंच चालू होतं.

म्हणून दर ऑगस्टमध्ये सरावाच्या पहिल्या दिवशी मर्ल पोरांना गवतावर बसवायचा, नोरीनला खुर्ची टाकायला लावायचा आणि तेच भाषण करायचा. "नॉर्डेनमध्ये डोक्याला लागलं, की टोपरं नोरीनच्या मांडीवर. एकदा तिथं गेलं, की त्या दिवशी ते परत येत नाही. तुम्ही रडलात तरी नाही. तुमची आई आली तरी नाही. गव्हर्नर साहेब गुडघे टेकून बसले तरी नाही." मग तो नोरीनकडे वळायचा. "आणि नोरीन, मी मागितलं तरी देऊ नकोस."

"नाही देणार," नोरीन खुर्चीवरून म्हणायची. पोरं हसायची. सराव सुरू.

दोघं नॉर्डेनला आली तेव्हा दोन वर्षं राहायचं ठरलं होतं. दाताच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर भाड्याची जागा, खाली दिवसभर यंत्राची घरघर. मोठं विद्यापीठ, मोठं मैदान, टीव्हीवर मॅच, हे सगळं पुढं यायचं होतं. एकदा बोलावणंही आलं. मर्ल सूट घालून गेला आणि परत येऊन म्हणाला की तिथल्या कोचला स्वतःच्या पोरांची नावं पाठीवरच्या आकड्यांवरून वाचावी लागतात. सूट कपाटात गेला. नंतर तो फक्त मयताला बाहेर निघायचा.

छोट्या कॉलेजच्या हेड कोचला काय काय करावं लागतं ते नोरीनला विचारावं. शुक्रवारी मैदानावर चुन्याच्या रेषा मर्लच मारायचा. रविवारी पोरांच्या चिखलाच्या जर्सी दोघं मिळून कॉलेजच्या धुलाईयंत्रात घालायची आणि फाटलेल्या नोरीन शिवायची. इथं खेळायचे पैसे मिळत नाहीत, उलट पोरांनीच फी भरून यायचं. त्यामुळं हिवाळाभर मर्ल बर्फातून गाडी हाकत गावोगाव जायचा, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसायचा, आईनं वाढलेला बटाट्याचा हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला घरगुती पदार्थ, दोनदा मागून घ्यायचा आणि वडलांशी नाही, आईशी बोलायचा. आयांना तो पटायचा. "पोरगं आहे तसं परत आणून देईन," तो सांगायचा, "वजन तेवढं वाढलेलं असेल." हरल्या-जिंकल्याचा हिशोब मांडला तर त्याची सारी कारकीर्द अधेमधेच निघाली असती. पण या परगण्यात असं लग्न, असं बारसं नव्हतं जिथं मर्ल हागेडॉर्नला पहिल्या रांगेत खुर्ची नसायची.

सुरुवात गेल्या हिवाळ्यात झाली. एका पोराच्या घरून परत येताना मर्ल रस्ता चुकला आणि त्यानं फोन केला तो शेजारच्या राज्यातल्या पेट्रोल पंपावरून. आवाज अगदी शांत होता. "नोरीन, आपलं घर नदीच्या कुठल्या बाजूला ग?" त्यानं विचारलं. नोरीननं सांगितलं, फोन ठेवला, आणि चुलीवरचं दूध उतू जाऊन करपेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

मोठ्या गावच्या डॉक्टरनं त्या विसरण्याला नाव दिलं. घरात ते नाव दोघांनी कधी उच्चारलं नाही. हा शेवटचा हंगाम, एवढं ठरलं. शेवटची मॅच झाली की मर्ल स्वतः उभा राहून निरोप घेईल, आपल्या पायांनी, आपल्या तोंडानं. तोवर कुणाला काही कळता कामा नये. नोरीनला त्याच्यासाठी दुसरं काही नको होतं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या जर्सी धुतलेल्या माणसाला शेवटचा एक शनिवार इज्जतीचा मिळावा, बस्स.

कर्ट वेसलला सांगावंच लागलं. कर्ट मर्लचा हाताखालचा कोच, पूर्वी त्याच्याच हाताखाली खेळलेला, आता पोट सुटलेला, बोलायला फाटक्या तोंडाचा पण मर्लसाठी जीव टाकणारा. मॅचच्या वेळी तो प्रेक्षकांच्या वरच्या लाकडी खोपटात बसायचा आणि डोक्यावरच्या फोनमधून खाली मर्लशी बोलायचा. पुढची चाल मर्लनं सांगायची, ती आता कर्टच सांगू लागला. तो म्हणायचा, "कोच, डावीकडून जाऊ या ना?" आणि मर्ल म्हणायचा, "जाऊ या." लोकांना वाटायचं म्हातारा अजून बघा कसा चालवतोय.

"माझी एकच अट आहे," नोरीननं कर्टला बजावलं होतं. "यापायी एखाद्या पोराला काही झालं तर मी त्याच दिवशी सगळ्यांना सांगेन."

"पोरांची काळजी माझ्यावर सोडा," कर्ट म्हणाला. "तुम्ही फक्त कोचला पँट सरळ घालून आणा."

ती हसली. हसायला नको होतं, असं तिला पुढं फार वाटलं.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर ती मर्लची उजळणी घ्यायची. मिठाची बाटली म्हणजे बॉल फेकणारा, मिरपुडीची म्हणजे त्याच्या मागचा, जॅमच्या बरण्या म्हणजे पुढची भिंत. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची चाल विचारली तर मर्लची बोटं सर्रकन फिरायची, ही बरणी इकडे, ती तिकडे, आणि त्या वेळच्या प्रत्येक पोराचं नाव, गाव, आईचं नाव सुद्धा. पण या मिठाच्या बाटलीच्या जागी या वर्षी कोण खेळतं, असं विचारलं की बोट हवेत थांबायचं. मग नोरीन हळूच पहिलं अक्षर सांगायची.

ऑगस्टचं भाषण या वर्षी त्यानं एकाच दिवशी दोनदा केलं. एकदा सकाळी, एकदा जेवणानंतर. शब्दाला शब्द तोच. पोरांना वाटलं कोच मुद्दाम ठसवताहेत. दुसऱ्यांदाही नोरीन म्हणाली, "नाही देणार." पोरं दुसऱ्यांदा हसली, पण जरा कमी.

आणि ऑक्टोबरमध्ये एक दिवस किराणा दुकानात रॉडनीनं विचारलं, "कोच, शनिवारी कुणाशी आहे आपली मॅच?" मर्लनं तोंड उघडलं आणि मिटलं. दोघंही एकमेकांकडे बघत उभे राहिले, दोघंही उत्तराची वाट बघत. मागं रांग लागली. नोरीननं सांगितलं, "नदीपलीकडच्यांशी." दोघांनीही मान हलवली.

नदीपलीकडच्या कॉलेजशी मॅच म्हणजे नॉर्डेनची वर्षातली मोठी मॅच. जो जिंकेल त्यानं वर्षभर एक चेपलेला दुधाचा कॅन आपल्याकडे ठेवायचा, यासाठी दोन्ही गावं जीव काढायची. नोव्हेंबरचा गार वारा, भोवतालचं मक्याचं पीक कापून झालेलं, त्यामुळं वारा अडवायला काही नाही. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या आया मैदानावर येतात, पोरं त्यांना फूल देतात. घरच्या मैदानावरचा मर्लचा हा शेवटचा शनिवार होता आणि ते जमलेल्यांपैकी तिघांनाच ठाऊक होतं. निदान नोरीनचा तसा समज होता.

तिच्या शेजारी जोडी ट्वीटन बसली होती. जोडी दोन गावं पलीकडच्या दवाखान्यात कपडे धुण्याच्या विभागात कामाला. तिचा एलायस म्हणजे नॉर्डेनचा सगळ्यात वेगानं पळणारा पोरगा. चार वर्षांपूर्वी मर्लनं तिच्या स्वयंपाकघरात बसून दोनदा हॉटडिश मागून घेतला होता. तेव्हापासून दोघी शेजारी बसायच्या, एका थर्मासमधली कॉफी प्यायच्या, एक घोंगडं दोघींच्या गुडघ्यांवर.

"तुझ्या नवऱ्यानं याचं पार वासरू करून टाकलंय," जोडी म्हणाली. "घरी आला की फ्रीजसमोर उभ्यानं चरतो."

"वजन वाढवून देईन म्हणाला होता ना?"

"हो, पण माझं वाढलंय."

दुसऱ्या सत्रात एलायस बॉल घेऊन आपल्याच बाकासमोरून पळत होता. दोघांनी त्याला एकदम गाठलं. आवाज असा आला की जोडीच्या हातातली कॉफी घोंगड्यावर सांडली. एलायस उठला, स्वतःला झटकलं आणि रुबाबात चालत निघाला, तो थेट नदीपलीकडच्यांच्या बाकाकडे. त्यांनी त्याला जागा करून दिली. बाकावरची पोरं खो खो हसली. जोडी हसली नाही.

डेना, ट्रेनर, धावत गेली. त्याच्या डोळ्यांत विजेरी मारली, काही विचारलं, आणि त्याचं हेल्मेट काढून मर्लच्या हातात दिलं. मर्ल कुंपणाशी आला. दोन्ही हातांनी त्यानं ते नोरीनच्या मांडीवर ठेवलं. "घे ग," तो म्हणाला. मग जोडीकडे वाकून म्हणाला, "काळजी करू नकोस. आहे तसा परत देईन." जोडीनं त्याचा हात दाबला. नोरीननं घोंगडं ओढलं आणि कॉफीचा ओला भाग आपल्या बाजूला घेतला.

एलायस डोक्यावर टॉवेल घेऊन बाकाच्या टोकाला बसला.

शेवटच्या सत्रात नॉर्डेन थोडक्यात मागं होतं. नदीपलीकडच्यांचा एक पोरगा गुडघा धरून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पडला आणि त्यांच्याकडे माणूस कमी म्हणून डेनाही तिकडं धावली. खेळ थांबला. तेवढ्यात नोरीनला दिसलं की एलायस उठून मर्लजवळ गेलाय. टॉवेल डोक्यावर नव्हता. तो मर्लच्या कानाशी काही बोलला, मर्लनं त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि दोघं कुंपणाकडे चालत आले. मर्ल पुढं, पोरगा मागं. पोरगा नोरीनकडे बघत नव्हता.

तिला कळून चुकलं. पोराला माहीत होतं. पोरांना सगळ्यांनाच माहीत होतं. कोच विसरतात, कोचला काहीही सांगावं. महिनोन् महिने ती आणि कर्ट ज्यावर पांघरूण घालत होते, ते पोरांनी कधीच उघडून बघितलं होतं आणि गुपचूप आपल्या कामाला लावलं होतं.

"नोरीन, एलायसचं टोपरं दे," मर्ल म्हणाला. अगदी सहज, मीठ दे म्हणावं तसं.

नोरीननं घोंगडं आणखी घट्ट ओढून घेतलं.

"अग दे ना. वेळ नाहीये. हा म्हणतोय पट्टा दुरुस्त करायला तुझ्याकडे दिलं होतं."

वरच्या खोपटातून हे सगळं कर्टला दिसत होतं की नाही कोण जाणे. मर्लच्या कानावरच्या फोनमधून कसलीशी कुरकुर ऐकू येत होती. जोडी आधी मर्लकडे, मग पोराकडे, मग नोरीनकडे बघायला लागली. मागच्या बाकांवरची बडबड थांबली.

अजूनही काही बिघडलं नव्हतं. नोरीनला काही खोटं सुचलं असतं, तिनं नुसतं हसून म्हटलं असतं की पट्टा तुटलाय, दुसरा कुणी पाठव, तर मर्ल परत गेला असता आणि शनिवार इज्जतीत पार पडला असता. रोज सकाळी पहिलं अक्षर ती सांगतच होती की. पण हेल्मेटमध्ये आतून अजून ओल होती आणि तिच्या बोटांना ती लागत होती. पोराचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. आणि त्या पोराची आई तिच्याच घोंगड्याखाली बसली होती.

"त्याच्या डोक्याला लागलंय, मर्ल," ती म्हणाली. "तूच आणून दिलंस मला."

"मी?" तो हसला. "काहीतरीच काय. कधी?"

"मघाशी."

"नोरीन, गंमत नको." आवाज चढला. तिच्यावर तो लोकांसमोर कधी ओरडला नव्हता. "माझा पोरगा आहे, माझी टीम आहे. दे म्हणतो ना." त्यानं कुंपणावरून हात घातला. नोरीन हेल्मेटवर वाकली, जसं वाऱ्यात लेकरावर वाकावं तशी.

"ऑगस्टमध्ये पोरांना काय सांगतोस?" तिनं खालमानेनं विचारलं. "सांग एकदा मला."

हे असं विचारताना ती काय करतेय हे तिला कळत होतं. जुनं ते त्याच्यापाशी शाबूत होतं. तो बोलायला लागला, तोच सरावाचा आवाज, मैदानभर जाणारा. "नॉर्डेनमध्ये डोक्याला लागलं, की टोपरं नोरीनच्या मांडीवर. एकदा तिथं गेलं, की त्या दिवशी ते परत येत नाही. तुम्ही रडलात तरी नाही. तुमची आई आली तरी नाही." जोडीनं तोंडावर हात ठेवला. "गव्हर्नर साहेब गुडघे टेकून बसले तरी नाही. आणि नोरीन, मी मागितलं तरी…"

तो थांबला. कुंपणावरून आत आलेल्या आपल्याच हाताकडे तो बघत राहिला. वारा त्याच्या जॅकेटची कॉलर फडफडवत होता.

मग त्यानं हात काढून घेतला. मागं वळून एलायसला विचारलं, "तुला लागलंय?"

"हो, कोच," पोरगा म्हणाला.

"आणि तुला वाटलं, म्हाताऱ्याला कुठं आठवतंय."

मर्लनं त्याला मारलं नाही, की तो रागावलाही नाही. त्यानं त्याच्या टाळूवर हात ठेवला, अगदी हळू, जणू तिथं काही मऊ असावं. मग नोरीनकडे वळून हळू आवाजात विचारलं, "सगळ्यांना माहितीये?"

"सगळ्यांना नाही," नोरीन म्हणाली. पण मागचे बाक चिडीचूप होते. आता सगळ्यांनाच माहीत झालं होतं.

मर्लनं कानावरचा फोन काढला आणि कुंपणाच्या खांबाला अडकवला. मैदानाकडे न बघता तो कपडे बदलायच्या खोलीकडे चालत गेला, पाठ ताठ ठेवून. खांबावरच्या फोनमधून कर्टचा बारीक आवाज येत राहिला. "कोच? कोच, ऐकताय ना? कोच?"

नॉर्डेन मॅच हरलं. दुधाचा कॅन नदीपलीकडं गेला. त्या संध्याकाळी एलायसचं डोकं ठणकून फुटायला लागलं आणि जोडीनं त्याला मोठ्या गावच्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूत बारीकसा रक्तस्राव निघाला. आपोआप थांबेल, डॉक्टर म्हणाले. पण पुन्हा एकदा आपटला असता तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

सोमवारी कॉलेजच्या अध्यक्षांनी मर्लला बोलावलं. त्या बाई सभ्य होत्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि नोरीनलाही बसायला सांगितलं. शेवटची मॅच कर्ट सांभाळेल, असं ठरलं, म्हणजे आधीच ठरलेलं होतं. निरोपाचा समारंभ वसंतात कधीतरी करू, मर्लला जरा बरं वाटलं की. बाहेर पडताना मर्लनं त्यांना विचारलं की त्यांचा पोरगा कुठल्या जागी खेळतो. त्यांना पोरगा नव्हता.

मैदानाची किल्ली त्यानं स्वतःच जुडग्यातून काढून टेबलावर ठेवली. ती काढायला त्याला फार वेळ लागला आणि नोरीननं मदत केली नाही. त्याला आवडलं नसतं.

गुरुवारी जोडी आली. नोरीननं दार उघडलं. जोडीच्या हातात घोंगडं होतं, धुऊन घडी घातलेलं. कॉफीचा डाग गेलेला. धुण्यातच आयुष्य गेलेली बाई ती.

"आत ये ना," नोरीन म्हणाली. "कसा आहे तो?"

"झोपून असतो. उजेड सहन होत नाही." जोडी दारातच उभी राहिली. "मी आभार मानायला आले होते. गाडीत बसले तेव्हा तसंच वाटत होतं. तू दिलं नाहीस म्हणून माझा पोरगा आहे."

नोरीन काही बोलणार, तोच ती पुढं म्हणाली, "पण येताना वाटेत मी विचार केला. तुला हंगामाच्या आधीपासून माहीत होतं. दर शनिवारी माझ्या शेजारी बसत होतीस. माझी कॉफी प्यायचीस."

"जोडी, त्याचा शेवटचा हंगाम होता ग. मला वाटलं..."

"माझ्या पोराच्या डोक्यावर काढलास तो तू हंगाम," जोडी म्हणाली. ती ओरडली नाही. "तूच सांग, मी तुझ्या जागी असते आणि तू माझ्या, तर तू मला माफ केलं असतंस का?"

नोरीनला खोटं बोलवेना. वर्षभर इतकं खोटं बोलून झालं होतं, की आता एकही उरलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली.

जोडीनं मान हलवली, घोंगडं तिच्या हातात दिलं आणि पायऱ्या उतरून गेली. गाडीपाशी तिनं क्षणभर मागं बघितलं, जणू आणखी काही बोलायचं होतं. मग गाडीत बसली.

शेवटच्या शनिवारी मॅच लांबच्या गावी होती. नोरीननं रेडिओ लावला. नको लावायला, असं आधी ठरवलं होतं, पण सकाळपासून मर्ल जॅकेट घालून, टोपी हातात घेऊन दाराशी बसला होता आणि बस कधी येणार असं विचारत होता. रेडिओ लावल्यावर तो टेबलाशी आला. त्यानं मीठ, मिरपूड आणि बरण्या मांडून घेतल्या. मॅचचं वर्णन करणारा पोऱ्या घाईघाईनं बोलत होता आणि मर्लची बोटं त्याच्यामागं बरण्या सरकवत होती. कधी ती मागं पडायची, कधी भलत्याच मॅचमध्ये शिरायची, ज्यातली पोरं आता आजोबा झाली होती.

फळीवर एलायसचं हेल्मेट होतं. ते नोरीनच्याच हातून परत जायचं असतं, ट्रेनरनं हिरवा कंदील दाखवल्यावर. पण एलायस आता कधीच खेळणार नव्हता, म्हणून ते न्यायला कुणी आलं नाही, आणि नेऊन द्यायला नोरीनचे पाय उचलले नाहीत. त्याच्या सळयांमधलं गवत तिनं काढलं होतं. एक काडी तेवढी आत खोल राहिली होती, वाळून पिवळी झालेली.

"ते टोपरं कुणाचं ग?" मर्लनं विचारलं.

"एलायस ट्वीटनचं. डोक्याला लागलं त्याच्या."

"फार?"

"बरा होईल म्हणतात."

मर्लनं जॅमची बरणी एका बाजूला सरकवली. रेडिओवर नॉर्डेननं काहीतरी चांगलं केलं होतं. लोकांचा आवाज आला, पत्र्यावर गारा पडल्यासारखा.

"मी मागितलं होतं का ते?" त्यानं विचारलं. बरणीकडे बघतच.

हा प्रश्न आठवड्याभरात त्यानं कितीदा तरी विचारला होता. पहिल्या दिवशी नोरीन नाही म्हणाली होती. दुसऱ्या दिवशीही. जोडी येऊन गेल्यापासून तिनं नाही म्हणणं सोडलं होतं.

"हो," ती म्हणाली. "मागितलं होतंस."

दर वेळी त्याचा चेहरा तसाच व्हायचा, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. डोळ्यांखालची कातडी ओघळायची. नोरीन तिथून नजर काढत नव्हती. निदान तेवढं ती त्याचं देणं लागत होती.

"आणि तू दिलंस?"

"नाही दिलं."

"बरं केलंस," मर्ल म्हणाला.

तो उठला. फळीपाशी जाऊन त्यानं हेल्मेट काढलं, आत बघितलं, बाहीनं एकदा पुसलं. मग टेबलाला वळसा घालून आला आणि वाकून, दोन्ही हातांनी, ते तिच्या मांडीवर ठेवलं. हेल्मेट गार होतं. खुर्चीच्या पाठीवर जोडीनं धुऊन आणलेलं घोंगडं होतं. नोरीननं ते ओढून हेल्मेटवर घेतलं, आणि मर्ल आपल्या बरण्यांकडे परत गेला.